निवांताचा खिळा

संघप्रिया चिडली की कसबा बावड्यातलं दूध नासतं, असं लोक म्हणायचे. दुधाचं कुणाला ठाऊक! पण गल्लीतलं मांजर चार-चार दिवस तिच्या दारात फिरकायचं नाही, एवढं खरं.

त्या दिवशी ती दवाखान्यातली नर्सची ड्युटी संपवून, गव्हाचा डबा कमरेवर घेऊन प्रसेनजीतच्या गिरणीत शिरली. तिची नेहमीची गिरण बंद होती म्हणून. आत दुसरं एक गिऱ्हाईक नाही, तरी प्रसेनजीतनं डबा बाजूला सरकवला, चिठ्ठी लिहिली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. भिंतीवर तीन खिळे होते. वर खडूनं लिहिलेलं — ‘आत्ता’, ‘आज’, ‘निवांत’.

तिची चिठ्ठी ‘आज’ला लटकली.

“ओ पावणं! मशीन मोकळं हाय की!”

“आत्ताच नाचणी काढलीया. तिच्यावर तुमचा गहू टाकला तर पोळ्या काळ्या व्हतील. मधी कुणाची तरी ज्वारी येऊ दे.”

“आमच्या दवाखान्यात पेशंटला असं ताटकळत ठेवलं तर लोक खुर्च्या मोडत्यात!”

“मोडा की. एकच हाय, तिचा बी एक पाय आधीच गेलाय.”

हसू ओठापर्यंत आलं होतं... तिनं ते गिळलं. रागावलेल्या माणसानं हसायचं असतं का? पण बघितलं मात्र तिनं. पिठानं पांढराफटक झालेला गडी, आणि पापण्या मिटल्या की त्यांच्यावरनं बारीक पीठ झडायचं — भुरभुर, भुरभुर...

तिथनं पुढं काय झालं कुणास ठाऊक, चार माणसांच्या घरात लग्नाचं दळण व्हायला लागलं. आई सरुबाई वैतागली. “एवढं पीठ कोण खातंय गं? हत्ती पाळलायस व्हय?”

गिरणीत गप्पा चालायच्या त्या कामाच्याच. नाही केलं तर नुकसान होतं ते ‘आत्ता’, असं प्रसेनजीतनं तिला सांगितलं. संध्याकाळपर्यंत थांबतं ते ‘आज’. तिनंही घरात फ्रीजवर तसेच तीन रकाने काढले. धुणं, गॅसचा नंबर, भावाची फी, सगळं आपापल्या जागी बसलं. दिवसाचा अर्धा तास उरायला लागला. तो अर्धा तास कुठं जायचा, हे सांगायला नको.

“आमच्या वॉर्डात कसं असतंय,” ती एकदा म्हणाली, “जो वरडतो त्याला दम हाय, त्यो थांबंल. गप्प पडलेल्याकडं आधी बघायचं.”

“हे ध्यानात ठेवतो,” तो म्हणाला. आणि ज्वारी ओतायला लागला.

असे चार महिने गेले. मग एका सोमवारी सरुबाईनं बॉम्ब टाकला. “रविवारी मुरगूडची माणसं तुला बघायला येत्यात. पोरगा मला पसंत हाय. तुझ्या मनात कुणी असंल तर शनिवारी दिवा लागायच्या आत सांग. न्हाईतर मी शब्द दिला म्हणून समज.”

मनात होता की! पण तो बोलेल तर ना! मंगळवारी तो मशीनच्या पट्ट्याबद्दल बोलला. गुरुवारी धान्यातल्या टोक्या किड्यांबद्दल. शुक्रवारी टोक्यांच्या औषधाबद्दल!

शनिवारी संध्याकाळी ती गव्हाचा डबा आपटतच आत आली. मशीन घरघरत होतं, प्रसेनजीत दारात थांबलेल्या म्हाताऱ्या अंबूबाईंची नाचणी काढत होता. संघप्रियाची नजर ‘निवांत’च्या खिळ्यावर गेली. ‘जुनी पोती द्यायची.’ ‘उंदराचा पिंजरा आणायचा.’ आणि सगळ्यांच्या मागं एक पिवळी पडलेली चिठ्ठी — ‘संघप्रियाला विचारायचं.’

खिळ्यासकट उपटली तिनं.

“उंदराचा पिंजरा आन् मी एकाच खिळ्यावर?”

“अगं...”

“चार म्हैने! उंदीर तरी एवढा गप बसतोय का?”

“निवांत म्हंजे शेवटचं न्हाई गं!” मशीनच्या आवाजावर आवाज चढवत तो ओरडला. “‘आत्ता’च्या खिळ्याला लाइट बिल असतंय, तुटका पट्टा असतोय. ते उरकायचं असतंय. तुला उरकायचं नव्हतं मला. एक दिस गिरण बंद ठेवून, अंघोळ करून, माणसात येऊन विचारणार हुतो. पण गिरण बंद ठेवायला दिसच घावंना!”

“आन् मी काय सांगिटलं हुतं? गप्प पडलेल्याकडं आधी बघायचं! चार म्हैने गप्प पडलोय की रं मी!” कोल्हापूरची पोरगी ती, चिडली तरी ‘पडलोय’च म्हणणार. आणि म्हणताना तिचा आवाज मधेच फाटला. “उद्या मुरगूडची माणसं येत्यात मला बघायला...”

पिठाखाली तो आणखी पांढरा झाला.

मग त्यानं ‘आत्ता’च्या खिळ्यावरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. लाइट बिलसुद्धा. तिची एकटीची तिथं लावली आणि मशीनचं बटण बंद केलं. पण जन्मभर मशीनच्या घरघरीत ओरडून बोलायची सवय! त्या शांततेत तो बेंबीच्या देठापासनं ओरडला —

“लगीन करशील का माझ्यासंगं?”

पत्र्यावरची कबुतरं उडाली, ती म्हणे मलकापुरात जाऊन बसली.

दारातनं अंबूबाई म्हणाल्या, “व्हय म्हण की गं बाई! माझी निम्मी नाचणी आतच हाय!”

“वरडू नको,” संघप्रिया म्हणाली. राग अजून नाकावर होता, पण नाक लाल झालं होतं. “...व्हय. आन् आता गहू दळ माझा. आई वाट बघतीया.”

अंबूबाईंचा डबा भरला, तिचा गहू मशीनमध्ये पडला. तो बघत होता तिच्याकडं, ती बघत होती त्याच्या पापण्यांकडं...

दिवेलागणीला सरुबाईनं डबा उघडला. “हे काळपट पीठ कुणाचं गं?”

“आपलंच. प्रसेनजीतनं दळलंय.”

“प्रसेनजीतनं? नाचणीवर गहू? त्यो पोरगा जन्मात असली चूक करायचा न्हाई.” सरुबाईनं पीठ चिमटीत धरून बघितलं, मग लेकीकडं बघितलं. तिच्या केसात, कानामागं, गालावर पीठच पीठ.

“बरं,” ती म्हणाली. “कणीक मी मळतो. तू मुरगूडला फोन लाव.”

“निवांत लावतो की, आई.”

“निवांत न्हाई. आत्ता.”