मोहोरबंद गठ्ठ्यातल्या आठ दुरुस्त्या

मोहोर शाबूत होती. लाखेला साधा तडा नव्हता, हेडमास्तरांच्या शिक्क्यावरचं शाळेचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. तरीही आतल्या पेपरांना कुणीतरी हात लावला होता.

साल १९३४, डिसेंबरचा दुसरा आठवडा. डेप्युटी इन्स्पेक्टर श्रीपाद याळगी बेळगावच्या या हायस्कुलात वार्षिक तपासणीला आले होते. हजेरीपट, नकाशे, पिण्याच्या पाण्याचा हौद एवढं बघून दुपारीच सुटायचा त्यांचा बेत होता. पण हेडमास्तरांनी त्यांना आपल्या खोलीत नेऊन आतून कडी लावली, आणि तो बेत बारगळला.

टेबलावर मॅट्रिकच्या वर्गाच्या प्रिलिम परीक्षेचे इंग्रजीचे पेपर पडले होते. शेजारी इंग्रजीचे गोपाळ हुक्केरीकर मास्तर खाली मान घालून बसले होते. याळगी एकेकाळी त्यांचेच विद्यार्थी. तिशी उलटून गेली तरी मास्तरांसमोर खुर्चीत टेकायला त्यांना अजून संकोच वाटायचा.

"सोमवारी पेपर झाला," हेडमास्तर म्हणाले. "गठ्ठा मास्तरांनी बांधला, गाठीवर मोहोर मी उठवली. शिक्का माझ्या खिशात असतो. काल मंगळवारी सुट्टी. आज सकाळी आम्ही दोघांनी मिळून मोहोर फोडली, आणि हा पेपर निघाला."

पेपर भरमू पाटील नावाच्या मुलाचा होता. जांबोटीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, बोर्डिंगात राहणारा. निबंधात जागोजागी नव्या शाईच्या खुणा होत्या. मुलं ज्याला 'टांगलेला स्वल्पविराम' म्हणत, ती अपॉस्ट्रॉफीची खूण तीनचार ठिकाणी नव्याने घातली होती. दोनतीन ठिकाणी ती नको तिथून खोडली होती. 'तिथे' या अर्थाचा 'देअर' खोडून वर 'त्यांचा' या अर्थाचा 'देअर' लिहिला होता. खुणा जाड होत्या, टाक कागदात रुतला होता.

"आज बुधवार. उद्या संध्याकाळी पाचच्या टपालाने मॅट्रिकचे फॉर्म मुंबईला जायचेत," हेडमास्तर म्हणाले. "हा मुलगा लबाड ठरला तर त्याचा फॉर्म मी पाठवणार नाही."

याळगींनी तपकिरीची डबी उघडली, पण चिमूट घ्यायचं विसरले.

"गठ्ठा कुठं होता?"

"या कपाटात."

"कुलूप?"

"मोहोर असताना कुलूप कशाला?"

शहाणी माणसं अशीच फसतात. याळगी हे मनात म्हणाले.

"मास्तर, तुम्ही काल आला होतात?"

"आलो होतो. दोन पुस्तकं न्यायला." मास्तरांनी प्रश्नाचा रोख ओळखला आणि ते कडवट हसले. "श्रीपाद, या निबंधात एकोणीस चुका होत्या. दुरुस्त झाल्यात आठ. मी केल्या असत्या तर एकोणीसच्या एकोणीस केल्या असत्या."

हे म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. चूक दिसली की मास्तरांना जेवण गोड लागत नसे. प्रत्येक चुकीला अर्धा मार्क कापायचा, ती दुरुस्त करून वहीत एकवीस वेळा लिहायला लावायचं आणि खाली पालकाची सही आणायला सांगायचं, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा शिरस्ता. याळगींच्या वडिलांनी अशा किती सह्या केल्या होत्या याची गणतीच नव्हती.

गठ्ठ्याचा सुती दोरा टेबलावर तसाच पडला होता. याळगींनी तो बोटांमधून फिरवला. एके ठिकाणी ते थबकले आणि मग दोरा गुंडाळून त्यांनी खिशात टाकला.

"भरमूला बोलवा."

मुलगा आत आला. वय अठराच्या घरात, पायात वहाणा नाहीत.

"काल शाळेत आला होतास?"

"व्हय जी. दौत इसारलीवती, ती न्यायला आलतो."

"आणि?"

"शिपाई परशराममामासंगं बोलत बसलो. पेपर लई वंगाळ गेलता जी. त्या टांगलेल्या स्वल्पविरामांनी खाल्लं मला."

"पेपरात तू काही लिहिलंस? खरं सांग."

"आईच्यान न्हाय जी."

"फॉर्म गेला नाही तर काय करशील?"

"गावाकडं जाईन. आमच्या गावात मॅट्रिकपातूर आलेला मीच पयला. थोरला भाव मारुतीआण्णा माज्या वाटणीचं काम वडतोय चार वर्सं. एकदा माघारी गेलो की परत न्हाय पाटवायचा कुनी."

याळगींनी त्याला त्याचाच निबंध मूळच्या चुकांसकट उतरवून दिला आणि म्हणाले, "यातल्या तुला दिसतील त्या चुका सुधार."

अर्ध्या तासाने भरमूने कागद परत केला. त्याने पाच चुका धरल्या होत्या. 'सैल' आणि 'हरवणे' या अर्थांच्या दोन 'लूज'मधली गफलत त्याने पकडली, 'शांत' या अर्थाचा 'क्वाएट' आणि 'अगदी' या अर्थाचा 'क्वाइट' यांमधलीही पकडली. गठ्ठा उघडणाऱ्या माणसाने यांना बोटही लावलं नव्हतं. उलट त्या माणसाने सुधारलेल्या आठांपैकी भरमूला एकच दिसली.

"पोरगा निर्दोष आहे," तो गेल्यावर याळगी म्हणाले.

"अक्कलहुशारीनं मुद्दाम चुकला असेल," हेडमास्तर म्हणाले. "मला नाव पाहिजे. नाव मिळेपर्यंत फॉर्म माझ्याकडे."

मग शिपाई परशराम आला. पन्नाशीचा, वाळलेला, पट्ट्यावरचं पितळ मात्र लखलखीत. शाळेत लागून त्याला बारा वर्षं झाली होती.

"त्याला कशाला?" हेडमास्तर म्हणाले. "ए-बी-सी येत नाही त्याला."

परशरामची नजर जमिनीवरच होती.

"काल शाळेत कोण कोण आलं होतं?" याळगींनी विचारलं.

"मास्तर आलते. भरमू आलता."

"तू कुठं होतास?"

"हितंच. झाडलोट केली, कंदिलाच्या काचा पुसल्या."

"भरमूनं गठ्ठ्याला हात लावला?"

"न्हाय." आतापर्यंत पुटपुटणारा माणूस हे एवढं ठासून बोलला. "भरमूनं न्हाय लावला, साहेब. देवाशपथ."

याळगींनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि त्याला जायला सांगितलं.

त्यांचा मुक्काम शहापुरात बहिणीकडे होता. चार वाजता ते गल्लीत शिरले तेव्हा दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट चालू होता. एका दारात मालुबाई नावाची म्हातारी रहाटावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. सूत तुटलं. तिने दोन टोकं चिमटीत धरली, अंगठा जरासा हलवला, आणि रहाट पुन्हा फिरू लागला. गाठ कुठे पडली ते याळगींना दिसलंसुद्धा नाही.

ते थांबले. खिशातला दोरा काढून त्यांनी तिच्यापुढे धरला.

"आजी, यात गाठ सापडते का बघा."

मालुबाईने दोरा बोटांवरून एकदाच ओढला. "येक न्हवं, दोन हाईत की. हितं येक, हितं येक. मधी चार बोटं दुसरं सूत जोडलंय, पिळून पिळून. खळ लावल्यालं सूत हाय, आण्णा. मागावरचं."

"ही गाठ कुणाला येते?"

"आमच्या गल्लीत पाळण्यातलं पोर सोडून समद्यास्नी."

"आणि या गल्लीतलं त्या हायस्कुलात कोण आहे?"

मालुबाईचा रहाट थांबला. तिने पदराने तोंड पुसलं आणि समोरच्या बंद दाराकडे बघितलं. पुढचा अर्धा तास ती बोलत होती आणि याळगी उंबऱ्यावर बसून ऐकत होते. उठताना त्यांना आपण हे काम अंगावर घेतलंच नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

गुरुवारी दुपारी तीन वाजता हेडमास्तरांच्या खोलीत चौघे जमले होते. हेडमास्तर, मास्तर, याळगी, आणि दाराशी उभा परशराम.

"मोहोर फुटली नाही, कारण ती फोडायची गरजच नव्हती," याळगींनी सुरुवात केली. "गाठ आणि लाख गठ्ठ्याच्या वरच्या बाजूला. त्या माणसानं दोरा खालच्या बाजूनं कापला, पेपर काढला, काम झाल्यावर परत ठेवला. कापलेला दोरा पुन्हा बांधायचा तर तो अपुरा पडणार. आपण बांधला असता तर ही एवढी गाठ दिसली असती. या माणसानं चार बोटं सूत मधे घालून दोन्हीकडे अशा गाठी मारल्या, की मोहोर फोडणाऱ्या तुम्हा दोघांनाही त्या दिसल्या नाहीत. मागावर तुटलेला धागा असाच सांधतात. गाठ जाड राहिली तर कापड बिघडतं."

हेडमास्तर हळूहळू दाराकडे वळले. "पण इंग्रजी?"

"तेच मलाही अडलं होतं. इंग्रजी येणारा माणूस एकोणीस चुकांतल्या आठच का सुधारील? ज्या सुधारल्या त्या बिनचूक, आणि बाकीच्या तशाच. जणू त्याला तेवढ्याच आठ माहीत. मास्तर, सहा वर्षांपूर्वी शहापूरचा एक मुलगा तुमच्याकडे प्रिलिमला अडकला होता. आठवतो?"

मास्तरांनी चष्मा काढून हातात धरला. "शामू," ते म्हणाले. "तेहतीस मार्क पडले होते. पस्तीस लागतात."

"फॉर्म मिळाला नाही म्हणून तो जांबोटीच्या घाटात रस्त्याच्या कामावर गेला. पहिल्याच पावसाळ्यात हिवतापानं गेला. त्याच्या तीन वह्या राहिल्या. प्रत्येक चूक सुधारून एकवीस वेळा लिहिलेली, आणि पानापानाखाली पालकाची सही. आज सकाळी मी त्या वह्या बघितल्या. शामूच्या हातून नेहमी होणाऱ्या चुका, आणि भरमूच्या पेपरात सुधारलेल्या आठ चुका, त्या त्याच आहेत. बाकीच्या अकरा शामूच्या हातून कधी झाल्याच नव्हत्या. म्हणून या माणसाला त्या चुका आहेत हेच ठाऊक नव्हतं." याळगींनी दोरा टेबलावर ठेवला. "वह्या मला परशरामनंच दाखवल्या. शामू त्याचा मुलगा."

परशरामने मान वर केली.

"लेकाच्या वहीवर अंगठा उठवायला लाज वाटायची," परशराम म्हणाला. "म्हणून सही शिकलो. त्यो गेल्यावर वह्या उघडून बसायचो. त्येनं एकवीस डाव लिवल्यालं मी बाविसाव्यांदा लिवायचो. असं करत करत अर्थ कळाय लागला." भरमूबद्दल बोलताना त्याला हुंदका आवरेना. "मंगळवारी ते पोरगं माज्याम्होरं रडलं. शामूबी तितंच बसून रडलावता, त्याच पायरीवर. मला न्हाय ऱ्हावलं, साहेब. त्येच्या गळ्यालाच फास बसंल हे ध्यानातच आलं न्हाय."

याळगींनी मास्तरांपुढे पेपर सरकवला. "नव्या खुणा सोडून, मूळचं जे आहे त्यावर मार्क द्या. एकोणीस चुकांचे सगळे कापा."

मास्तरांनी तपासायला वीस मिनिटं घेतली. बेरीज त्यांनी दोनदा केली.

"छत्तीस," ते म्हणाले. "पास आहे. कुणी काही केलं नसतं तरी पास होता."

परशराम भिंतीला टेकला. त्याने काही गरज नसताना हे केलं होतं.

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते, पण नियमापलीकडे त्यांना काही दिसत नसे. शिपायाला ठेवता येणार नाही, ते म्हणाले, आणि डेप्युटींचा लेखी अहवाल पाहिजे. याळगींनी दौत पुढे ओढली. दोन ओळी लिहून ते थांबले.

"नाव गाळलं तर चालेल का?" त्यांनी हळूच विचारलं. "आरोपी सापडला नाही, असं."

"लिवा, साहेब," दारातून परशराम म्हणाला. "माजं नाव न्हाय आलं तर समदी भरमूकडंच बोट दावत्याल. त्येच्या नावावर डाग नको. लिवा."

याळगींनी नाव लिहिलं. आपलं स्वतःचंच अक्षर त्यांना परक्यासारखं वाटलं.

साडेचार वाजता भरमूचा फॉर्म बाकीच्या फॉर्मांत जाऊन टपालाला निघाला. परशरामने पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि नमस्कार करून तो बाहेर पडला. मास्तर त्याच्या मागोमाग व्हरांड्यात आले. याळगी खिडकीत उभे होते, त्यांना दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"परशराम," मास्तर म्हणाले. "दोन मार्क होते. मी द्यायला पाहिजे होते. माझं चुकलं रे."

परशराम पायरीवर थांबला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

"न्हाय मास्तर. तुमी बरोबरच कापलंसा. म्या येवढं इंगरजी शिकलो ते त्येच्यासाटीच. वाटलं, तुमचं कुटं चुकलंय का बघावं. सहा वर्सं हुडकलं. तुमचं चुकल्यालं एक जरी घावलं असतं, तर लई बरं झालं असतं."