चित्रात न दिसलेलं कुसळ

अगूच्या पायात काहीतरी होतं. निदान अगूचं तरी तसं म्हणणं होतं. आता अगू पडला दोन वर्षं आणि तीन दिवसांचा, त्यामुळे त्याचं म्हणणं म्हणजे उजवं पाऊल दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसायचं आणि कोणी जवळ आलं की घर डोक्यावर घ्यायचं. "पाय नको," एवढं एकच वाक्य तो परवापासून बोलत होता.

धन्वाचं म्हणणं नेमकं उलट होतं. धन्वा हा घरातला वैद्यकीय यंत्रमानव. चंद्रावरच्या सातव्या वाडीत डॉक्टर नव्हते, म्हणून घरोघरी एकेक धन्वा दिलेला होता. अगू झोपल्यावर त्याने क्ष-किरणांनी (मांसातून आरपार जाणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी) पावलाचं चित्र काढलं. एकदा नाही, तीनदा काढलं.

"चित्रात काही नाही, म्हणजे पायात काही नाही," धन्वा म्हणाला.

"मग तो पाय का टेकत नाही? आणि ताप कशाचा?" आईने विचारलं. सकाळीच ताप एकशे एकवर गेला होता आणि तळवा लालबुंद सुजला होता.

"ते मला सांगता येत नाही. मला जे दिसत नाही, त्याला मी सुई लावत नाही, तसा नियम आहे. उद्या सकाळपर्यंत ताप उतरला नाही, तर त्याला मोठ्या तळावरच्या दवाखान्यात न्यावं लागेल. गाडीने चौदा तास लागतात. तिथे भूल देऊन पाय उघडतील."

"कुठे उघडतील?"

"जागा माहीत नाही. शोधत जातील."

आई मटकन खाली बसली. चंद्रावर मटकन बसायलाही जरा वेळ लागतो, पण ती बसली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. आजोबा आपल्या कामाची पेटी पुसत राहिले. काळजी वाटली की ते काहीतरी पुसत बसत.

आणि दाराशी उभी होती अगूची ताई, अकरा वर्षांची कस्तुरी. अगूच्या पायात काय आहे हे सगळ्या घरात फक्त तिलाच ठाऊक होतं.

झालं होतं असं. अगूच्या वाढदिवसाला औक्षण करायचं ठरलं. निरांजन बॅटरीचं मिळालं, कुंकू मिळालं, सुपारी तर आईने पृथ्वीवरून जपून आणलेली होती. फक्त पाट नव्हता. वाडीत सगळं धातूचं नाहीतर वस्तू छापून देणाऱ्या छापयंत्रातून काढलेल्या प्लास्टिकचं. "प्लास्टिकच्या स्टुलावर बसवू," आई म्हणाली. कस्तुरीला ते मुळीच पटलं नाही. स्टुलावर बसवून कुठे ओवाळतात का?

त्याच आठवड्यात पृथ्वीवरून झाडांची कलमं आली होती, लाकडी खोक्यांतून. ते लाकूड लगेच भांडारात जमा करायचं, असा कडक नियम होता. बंद घुमटात लाकूड पेटलं तर श्वासाची हवा संपते, म्हणून ते दळून त्याचं खत करत. कस्तुरीने त्यातल्या दोन फळ्या लपवल्या, जोडल्या, वरून घासून गुळगुळीत केल्या आणि गेरूच्या रंगाने रंगवल्या. "छापयंत्रातून काढला," असं तिने ठोकून दिलं. पाट झकास दिसत होता. कडा घासायच्या मात्र राहिल्या होत्या. ओवाळून होताच अगू अनवाणी पाय कडेवर घासत खाली उतरला आणि "आई गं" म्हणाला. तेव्हा सगळे हसले होते, कस्तुरीसुद्धा.

तीन दिवस तिने तोंड उघडलं नव्हतं. तिला वाटलं होतं, धन्वा चित्र काढेल, काटा काढेल आणि कशाने लागलं ते कोणी विचारणारही नाही. आता मात्र ती धन्वाजवळ गेली. तिने आडून विचारून पाहिलं, "धन्वा, चित्रात लाकूड दिसतं का रे?"

"जवळजवळ नाही," धन्वा म्हणाला. "क्ष-किरण जिथे अडतात तिथे सावली पडते, आणि त्या सावलीचं चित्र होतं. त्यांना अडवायला जड अणू लागतात (अणू म्हणजे ज्या अतिसूक्ष्म कणांचे सगळे पदार्थ बनतात ते). लोखंडात असे अणू असतात. हाडात कॅल्शियम असतं, तेही पुरतं. लाकूड मात्र मुख्यतः कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं. आपलं मांसही मुख्यतः त्यांचंच. म्हणून मांसातलं लाकूड किरणांना मांसासारखंच वाटतं. पण वाडीत लाकूड नाही, तेव्हा मी तो विचारच केला नाही."

 

"आहे," कस्तुरी म्हणाली. "पाट लाकडाचा आहे. मी खोटं बोलले."

मग तिने सगळं सांगितलं, रडत, मागचं पुढे आणि पुढचं मागे. आईचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "मला तुझ्यावर फार रागवायचंय," ती म्हणाली, "पण आधी पाय."

"काय आहे ते कळलं," धन्वा म्हणाला. "कुठे आहे, ते अजून दिसत नाही."

तेवढ्यात आजोबांचं पुसणं थांबलं. त्यांचं काम प्राणवायूच्या टाक्या तपासायचं. टाकीच्या जाड पोलादात केसाएवढी चीर असली तरी ते बाहेरून शोधत, तेही टाकी न उघडता. "पोलादाच्या पोटातलं मी रोज बघतो," ते म्हणाले, "मग नातवाच्या पायातलं का नाही बघायचं?"

"कसं बघता?" कस्तुरीने नाक पुसत विचारलं.

"आवाजाने. पेटीतलं हे यंत्र श्राव्यातीत ध्वनी सोडतं (आपल्या कानांना ऐकू येत नाही इतका उंच सूर असलेला आवाज). तो पोलादातून सरळ जातो आणि पदार्थ बदलला की तिथून थोडा परत फिरतो. म्हणजे प्रतिध्वनी येतो. किरणांना लाकूड आणि मांस सारखंच, पण आवाजाला नाही. लाकूड मांसापेक्षा टणक असतं, शिवाय त्याच्या धाग्यांमध्ये हवा असते. कुसळावरून आवाज परत येणारच."

"पायाला लावायला ते सुरक्षित आहे?" आईने विचारलं.

धन्वाने यंत्राचे आकडे वाचले. "जोर सर्वांत कमी ठेवला तर आहे."

पण यंत्राचा दांडा दिसताच अगूने असा सूर लावला की तो मात्र सगळ्यांच्या कानांना ऐकू आला. दांडा पायाला चिकटवायचा म्हणजे दुखऱ्या जागी दाबायचा, आणि पाऊल तर तो सोडत नव्हता. जबरदस्तीने धरलं, तरी पाऊल जरा हललं की सगळं हुकणार.

"लांबून नाही का बघता येत?" कस्तुरीने विचारलं.

"मध्ये हवा आली की संपलं," आजोबा म्हणाले. "हा आवाज हवेतून कातडीत शिरतच नाही, तिथूनच माघारी फिरतो. मध्ये काहीतरी ओलं हवं. टाकीला मी जेल लावतो."

"पाणी चालेल?"

आजोबांनी तिच्याकडे नीट बघितलं. "उत्तम चालेल," ते म्हणाले.

कस्तुरीने घमेलंभर कोमट पाणी आणलं. अगूला काही न सांगता ती स्वतःच त्यात पाय सोडून बसली आणि पाण्यावर थाप मारली. चंद्रावर पाणी उंच उडतं आणि सावकाश खाली येतं. अगू बघत राहिला. दुसऱ्या थापेला तो सरकत सरकत जवळ आला. तिसऱ्या थापेनंतर त्याने डावा पाय पाण्यात टाकला आणि बऱ्याच विचाराने उजवाही. आजोबांनी दांडा पाण्यात धरला, तळव्यापासून चार बोटं लांब. कोणी कोणाला शिवलंही नाही.

पडद्यावर आधी कातडीची रेघ आली. तिच्याखाली एक बारीक, तिरकी, चकचकीत रेघ उमटली.

"सापडलं," धन्वा म्हणाला. मग म्हणाला, "पण कातडीपासून सोळा मिलिमीटर खोल आहे. एवढ्याशा पावलात ते हाडांपाशी जातं. मला घरी काढता येणार नाही."

 कस्तुरी पडद्याकडे बघत राहिली. एवढंसं कुसळ इतकं खोल कसं जाईल? 

"आजोबा, यंत्र खोली कशी मोजतं?"

"आवाज जाऊन परत यायला किती वेळ लागला त्यावरून. वेळ कळला आणि वेग माहीत असला की अंतर निघतं."

"वेग कशातला? पोलादातला?"

आजोबांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा. मी यंत्र पोलादाच्या वेगावरच लावून ठेवलंय. पोलादात आवाज मांसाच्या जवळजवळ चौपट वेगाने धावतो."

"म्हणजे यंत्राला वाटतंय, अगूचा पाय पोलादाचा आहे. मग सोळाचा चौथा भाग. चार मिलिमीटर."

धन्वाने हिशेब तपासला. "बरोबर. चार मिलिमीटर मला जमेल. पाण्याने कातडीही मऊ झाली आहे. तो स्थिर बसला पाहिजे, एवढंच."

"काही नाही होणार हं, राजा," आई म्हणू लागली, पण कस्तुरीने तिला थांबवलं. तिने अगूला मांडीवर घेतलं. "अगू, ऐक. दुखेल. खरंच दुखेल. तीन म्हणेपर्यंत. मग नाही दुखणार."

अगूने तिच्याकडे पाहिलं.  मग त्याने पाऊल धरलेले हात सोडले आणि तिचा सदरा मुठीत पकडला.

"एक," कस्तुरी म्हणाली.

"दोन," अगू म्हणाला आणि मोठ्याने रडला.

"तीन," म्हणताना कस्तुरीचाही आवाज फुटला. धन्वाच्या चिमट्यात तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं तपकिरी कुसळ होतं.

धन्वाने जखम धुऊन औषध लावलं. संध्याकाळी ताप उतरला. त्यानंतर कस्तुरीला बोलणी बसली, आणि चांगली अर्धा तास बसली. पाट आणि उरलेलं लाकूड तिला स्वतः भांडारात नेऊन द्यावं लागलं. धन्वाने आपल्या नोंदीतलं एक वाक्य खोडलं. "चित्रात काही नाही आणि पायात काही नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," असं त्याने तिथे लिहिलं, खाली कस्तुरीच्या नावानिशी पाण्याच्या घमेल्याची रीत आणि चाराचा हिशेब लिहिला आणि ते चंद्रावरच्या सगळ्या वस्त्यांना पाठवलं.

दुसऱ्या दिवशी चंद्राच्या पलीकडच्या बाजूच्या एका वस्तीतून कस्तुरीच्या नावाने निरोप आला. लिहिणारा मुलगा नऊ वर्षांचा होता. "माझी बहीण पाच दिवसांपासून मूठ उघडत नाही. चित्रात काही दिसत नाही म्हणतात. पाणी किती कोमट घ्यायचं?"

अगू लंगडत, पण दोन्ही पाय टेकत तिच्याभोवती फिरत होता. कस्तुरीने उत्तर लिहायला घेतलं. "आंघोळीच्या पाण्याहून थोडं कमी गरम," तिने लिहिलं. मग ती थांबली आणि त्याच्या वर आणखी एक ओळ घातली.

"आधी मोठ्यांना सांग, ती कशाशी खेळत होती. तुला माहीत असेल, तर आत्ताच सांग. रागावतील, पण पाच दिवस वाट बघण्यापेक्षा ते बरं."