न शिकवलेल्या पेशी

लिफ्टचं दार माझ्या हातातल्या बर्फाच्या डब्यावर आपटणार, एवढ्यात मध्ये एक हात आला. "जपून... आत काय, आइस्क्रीम?"

"रक्त," मी म्हटलं. "निरोगी माणसांचं. तुमचं द्याल?"

थट्टाच केली होती मी. पण दुसऱ्या दिवशी तो खरंच आमच्या प्रयोगशाळेत हजर! शेजारच्या इस्पितळात, छातीच्या वॉर्डात तो नर्स होता. सगळे त्याला ब्रदर म्हणत. माझी मात्र जीभ काही रेटेना.

"अलीकडे कुठली लस घेतलीत का?" मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"छे!" तो म्हणाला, आणि सुई बघून घामाघूम झाला. रोज दुसऱ्यांना टोचणारा माणूस! मला हसू आवरेना.

"यात शोधता काय?"

"शरीराच्या पहिल्या फळीतल्या पेशी. शत्रूचा चेहरा त्यांच्या लक्षात राहत नाही. पण एकदा झटापट झाली की पुढे बरेच दिवस त्या सावध असतात... मग कोणीही येवो. हे नीट जमलं, तर एका लशीवर म्हाताऱ्या माणसांचे कितीतरी आजार टळतील. माझ्या बाबांचा अख्खा हिवाळा खोकण्यात जातो."

"माझ्या तर चेहराही लक्षात राहिलाय," तो पुटपुटला. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. कान मात्र तापले.

तो पुन्हा आला, तेव्हा माझं तोंड उतरलं होतं. अर्ध्या पेशींना आम्ही यीस्टचा अंश देऊन शिकवतो, अर्ध्या तशाच ठेवतो, मग दोन्हींवर जंतू सोडतो. त्याच्या न शिकवलेल्या पेशीही जंतू दिसताच चवताळून उठल्या होत्या.

"आमच्या प्रमुख मॅडम म्हणतात, माझ्या हातून भेसळ झाली," मी सांगून टाकलं. "आजही तसंच झालं, तर प्रयोग दुसऱ्याकडे जाईल."

बाही वर करता करता तो थांबला.

"भेसळ नाही. मी... गेल्या महिन्यात क्षयाची लस घेतली. वॉर्डात सगळ्यांनाच दिली. त्या पेशी तिनेच आधी शिकवल्या असणार. खरं सांगितलं असतं, तर तुम्ही दारातूनच परत पाठवलं असतं. चला, मॅडमना मी स्वतः सांगतो."

असा राग आला मला! आणि मॅडमसमोर तो मान खाली घालून उभा राहिला, तेव्हा तेवढाच आवडलाही. मॅडमनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं, त्याचं रक्त बाद केलं. प्रयोग माझ्याकडेच राहिला.

जिन्यापाशी तो म्हणाला, "आता काही मला इथे येता येणार नाही."

"रक्त द्यायला नकोच येऊस."

अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं. त्याच्याही ते लक्षात आलं. "मग... कशाला येऊ?"

"मला भेटायला. आवडतोस मला... राग गेलेला नाही, तरीही."

तो पायरीवर बसला आणि शेजारची धूळ रुमालाने झटकली. मीही त्याच्या शेजारी बसले.