शेवटची सोळा पानं

“सोळा पानं! शेवटची सोळा पानं गायब!” रविनानं पुस्तक दामिनीच्या नाकासमोर नाचवलं. “तूच फाडलीस! काल जीपमध्ये पुस्तकाला चिकटून तूच बसलेलीस!”

शेणव्याच्या नाक्यावर सगळे ऐकत होते. दामिनीचे कान लाल झाले. ‘घारकड्याची टोळी’चा सातवा आणि शेवटचा भाग काल शहापूरहून आला. तिघांत एकच प्रत! चिठ्ठ्या टाकल्या, तर पहिला नंबर रविनाचा, दुसरा दामिनीचा, तिसरा भाविकचा. सहाही भाग दामिनीला तोंडपाठ, आणि शेवट आधी कळणार रविनाला! कालपासून ती नुसती जळफळत होती. पण पानं तिनं फाडली नव्हती.

“तुझा नंबर रद्द!” रविना म्हणाली.

“आधी पानं शोधू, मग भांडा गो!” भाविक म्हणाला. “आणि धर्माकाकांच्या जीपला काय झालंय बघा!”

धर्माकाका रविनाचे सख्खे काका. शहापूरच्या फेऱ्या मारणारी त्यांची जीप भरल्याशिवाय हलत नसे, आणि भरली की क्षणभर थांबत नसे. आज बारा माणसं कोंबलेली, आणि काका मात्र बॉनेट उघडून आत डोकं घालून उभे!

“धर्मा, निघतोस का उतरू आमी?” आतून ठमीआजी ओरडल्या.

“इंजिन गरम झालंय, आजी! पाचच मिनटं!”

“सकाळपासून गाडी हलली नाय, मग इंजिन गरम कसं?” भाविक कुजबुजला. “आणि हाताला एक काळा डाग नाय!”

दामिनी चमकली. काल पुस्तक डॅशबोर्डवर होतं. तिच्या शेजारी, तसंच काकांच्याही! ती बॉनेटपाशी गेली आणि मोठ्यानं म्हणाली, “भाविक, ऐकलंस? टोळीतली कावेरी शेवटी मरते म्हणे!”

“मरते?” बॉनेटखालून काका किंचाळले. “आत्ता तर कड्याला लोंबकळत होती!”

जीपमध्ये हशा पिकला. काकांनी ओशाळून पानं बाहेर काढली. “सहा भाग घरात पडलेले, तेच वाचून येड लागलं. काल तुमी सामान उतरवत होता, शिलाई ढिली, पानं हातात आली... माझी चिठ्ठी कुनी टाकलीच नाय!”

“पोरगी हुशार हां!” ठमीआजी म्हणाल्या. “आनि धर्मा, तुला लाज नाय!”

पानं आता दामिनीच्या हातात होती. शेवटचं पान सगळ्यात वर! एक नजर टाकली की झालं. तिला वाचायचं होतं, फार वाचायचं होतं. पण चोर नाही हे सगळ्यांसमोर दाखवून दिल्यावर चोरून वाचायचं? तिनं पानं पालथी केली आणि रविनाला दिली.

“चुकले गो मी,” रविना पुटपुटली. तिथेच दगडावर बसून तिनं पानं संपवली. मधेच हसली, मग ओढणीनं डोळे पुसले. दामिनीला त्या रडण्याचासुद्धा हेवा वाटला.

रविनानं पानं नीट पुस्तकात ठेवली, पुस्तक दामिनीकडे दिलं आणि तिच्याकडे असं पाहिलं, की दामिनीला त्या नजरेचा अर्थच कळेना.

“काय झालं?”

“माझं संपलं,” रविना म्हणाली. “तुझं अख्खं राहिलंय!”