मोजून दिलेले पाणी

“अहो, ठेवा तो पेला!... ठेवा म्हणते ना!”

नवऱ्याच्या ओठांना लागलेला पेला तिने इतक्या जोराने ओढून घेतला, की अर्धे पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडले. आणि तो आजारी माणूस मान खाली घालून त्या भिजलेल्या सदऱ्याचे टोक चोखू लागला... दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी ते पाहिले मात्र, त्यांचा संताप अनावर झाला.

“अगं, वैरी बरा! मरणाऱ्याच्याही तोंडात लोक पाणी घालतात, आणि तू जित्या माणसाच्या तोंडातलं काढतेस?”

तिने पेला उंच फळीवर ठेवून दिला. निरोगी माणसाची मूत्रपिंडे अहोरात्र रक्त गाळत असतात, शरीरातली घाण आणि जास्तीचे पाणी निमूटपणे बाहेर टाकत असतात, आणि त्या माणसाला त्याची जाणीवही नसते. तिच्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडे मात्र कायमची थकली होती. लघवी जवळजवळ थांबलीच होती. एक दिवसाआड त्याला डायलिसिसच्या यंत्राला जोडावे लागे, आणि मधल्या वेळात पोटात गेलेल्या पाण्याला बाहेरची वाटच उरली नव्हती. ते आधी पायांत उतरे, मग फुप्फुसांत साचे, आणि शेवटी हृदयावर चढे. म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिले होते तेवढेच पाणी ती दिवसभर चमच्याने मोजून देई.

त्याला हे पुरते ठाऊक होते. प्लंबरच होता तो. “जन्मभर लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या केल्या, आणि आता माझीच मोरी तुंबली बघा!” असे सांगून तो डायलिसिस केंद्रातल्या नर्सला हसवत असे. पण तहानेला विनोद कळत नाही... जीभ टाळूला चिकटली, की तोच हसरा माणूस लहान मुलासारखा बायकोच्या पदराला धरून म्हणे, “एक घोट. कुणाला सांगू नकोस.” आणि ती, हृदयावर पाषाण ठेवून, नाही म्हणे.

स्वतः ती त्याच्यासमोर कधीच पाणी पीत नसे. भांड्याचा आवाजही त्याला व्याकूळ करतो, हे ओळखून ती न्हाणीघराचे दार लोटून नळाखाली ओंजळ धरी. एका दुपारी सासूबाईंनी नेमके तेच पाहिले.

“वा, सूनबाई! स्वतः लपून घटाघटा प्यायचं, आणि माझ्या लेकराला चमच्याने!”

तिने नळ घट्ट बंद केला आणि पदराला हात पुसले.

पण त्याची सूज उतरेना. यंत्रावर जाताना त्याचे वजन दर खेपेस वाढलेलेच असे. एका सकाळी केर काढताना तिच्या केरसुणीला पलंगाखालून कलिंगडाच्या साली लागल्या. तिने त्या सासूबाईंसमोर धरल्या.

“आई, हे काय?”

“तू त्याची शपथ घातली होतीस ना? पाण्याचा थेंब दिला नाही हो! कलिंगड काय पाणी आहे? फळ आहे ते!”

“आई, ते पाणीच असतं हो...”

सासूबाईंनी कलिंगड बंद केले, आणि बर्फ सुरू केला. कारण बर्फ प्यायचा नसतो, चघळायचा असतो! त्या माउलीने शपथ तंतोतंत पाळली होती. मुलाच्या कोरड्या ओठांवर बर्फाचा खडा ठेवताना तिच्या मुद्रेवर जे समाधान पसरे, ते सुनेने दाराच्या फटीतून एकदा पाहिले. तिने खडा काढून घेतला, परत समजावले, हात जोडले; पण पाण्याने माणूस दगावतो, हे सासूबाईंना पटेचना... आणि चोवीस तास पहारा कोण देणार?

केंद्रात नर्स सर्वांदेखत कडाडली, “बाई, वजन पुन्हा वाढलंय! नवरा नकोसा झालाय का तुम्हाला?”

सासूबाई शेजारच्या बाकावरच बसल्या होत्या. भेदरून त्यांनी पदर तोंडाशी धरला.

“माझंच चुकलं,” सून म्हणाली.

आणि एके पहाटे त्याचा श्वास अडकला. इस्पितळाने त्याला वाचवले. पण हृदय असे काही ढासळले, की यंत्र सुरू होताच रक्तदाब कोसळे आणि त्याची शुद्ध हरपे. डॉक्टरांनी तिला बाजूला घेतले.

“यंत्र आता त्यांना सोसणार नाही. घरी न्या. जे मागतील ते द्या.”

“पाणीसुद्धा?”

“पाणीसुद्धा.”

घरी आल्यावर तिच्या तोंडून एवढेच निघाले, “आई, हवं तेवढं पाणी द्या म्हणालेत.”

“बघ! मी काय कानीकपाळी ओरडत होते? शेवटी आईचंच खरं झालं ना!” सासूबाई आनंदाने जवळजवळ धावतच गेल्या आणि पेला काठोकाठ भरून घेऊन आल्या.

त्याने पेल्याकडे पाहिले. मग बायकोकडे.

“मोजलं नाहीस?”

“नाही.”

“मग किती?”

“हवं तेवढं...”

तो क्षीण हसला. “म्हणजे मोरी तशीच तुंबलेली सोडून मेस्त्रीने अवजारं आवरली म्हणायची.”

दोन घोट घेऊन त्याने तृप्तीने डोळे मिटले. इतक्या दिवसांची ती तहान, आणि दोनच घोट! सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळत गेला. त्यांनी सुनेच्या पांढऱ्याफटक मुखाकडे पाहिले, आणि त्या एकाएकी म्हाताऱ्या दिसू लागल्या.

स्वयंपाकघरात त्यांनी तिचा दंड घट्ट धरला.

“तू पाणी तोडत होतीस, ते त्याला जगवायला?... आणि मी?... माझ्यामुळे झालं का गं हे?”

“नाही, आई. हृदय आधीच थकलं होतं त्यांचं. तुमचा काही संबंध नाही.”

“खरं?”

“खरं.”

सासूबाईंनी तिच्या डोळ्यांत पाहिले. ते खरे नव्हते, हे त्यांना तिथे दिसले. त्यांनी सुनेच्या खांद्यावर डोके टेकले.

“तो गेल्यावर मी तुला पुन्हा विचारीन. पुन्हा पुन्हा विचारीन गं, पोरी... दर वेळी असंच सांगशील?”

“सांगेन, आई.”