दोन मीटरवरचे बाबा

अल्पेशने लग्नाच्या ऑर्डरींसाठी नवा कॅमेरा घेतला तेव्हाच हेमांगीने, त्याच्या बायकोने, जुना विकून टाक म्हणून बजावलं होतं. पण जुन्यावर त्याचा भारी जीव. दोघांत कोणाचा फोकस अचूक बसतो ते एकदा पडताळून बघू, म्हणून तो दोन्ही घेऊन उमेळ्याच्या वाडीत आला. बरोबर त्याचे वडील, नथूबाबा होते. उद्या त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन. "त्याआधी एक बरा फोटू काढून ठेव," असं त्यांनीच सांगितलं होतं.

वाडी म्हणजे आता चार माड, एक विहीर आणि चहूबाजूंनी इमारती. आभाळ झाकोळलेलं. अल्पेशने विहिरीजवळ खुर्ची मांडली, दोन मीटर मोजून ट्रायपॉड रोवला आणि नेम धरायला खुर्चीत आधी एक भोपळा ठेवला. दोन्ही कॅमेऱ्यांना आळीपाळीने एकच लेन्स लावली. फोकस किती अंतरावर बसला ते दाखवणारी लेन्सवरच्या चिमुकल्या खिडकीतली पट्टी दोन्ही वेळा दोन मीटरवर थांबली. झकास!

मग भोपळ्याच्या जागी बाबा बसले. जुन्याने तीन दाखवले.

"म्हातारा झाला, दुसरं काय," अल्पेश पुटपुटला.

"कोन, मी?" बाबा हसले.

त्याने नवा चढवला. पाच. फोकस बसल्याची टीप टीप झाली. फोटोत बाबा लख्ख आले होते, भुवईचा केस न केस दिसत होता. पण ते ज्या खुर्चीत बसले होते ती धूसर होती. खुर्चीच्या दांडीवर टेकलेला हात स्पष्ट, दांडी पुसट.

दोष असता तर एकाच कॅमेऱ्यात असता, आणि लेन्सचा असता तर भोपळ्यावरही दिसला असता. अल्पेशने भोपळा उचलून बाबांच्या मांडीवर दिला.

भोपळ्यावर नेम धरला. दोन.

वर सरकून बाबांच्या डोळ्यांवर धरला. दहा.

पुन्हा जुना लावला. पट्टी दहाच्याही पुढे गेली आणि आडव्या आठाच्या खुणेवर थांबली. डोंगर, आभाळ, तारे यांच्यासाठी असते ती खूण.

टीप टीप. फोकस बसला होता.

"बाबा, उठा. घरी जाऊ."

"आला का फोटू?" आवाज जवळचाच होता.

अल्पेश धावला. बाबांच्या पायाशी बसून त्याने त्यांचा हात घट्ट धरला. ऊबदार, खरखरीत, नेहमीचाच हात. त्याचा जीव भांड्यात पडला.

"उद्या काही होणार नाही तुम्हाला. मी आहे ना इथे."

बाबांनी दुसरा हात कपाळाशी आडवा धरला. डोळे बारीक करून ते त्याच्या डोक्यावरून पार लांब कुठेतरी बघू लागले. मग खाडीपल्याडच्या माणसाला घालावी तशी त्यांनी छाती भरून हाक घातली,

"अल्पेश! कुठं रायला रं पोरा?"