पागोट्याची गाठ

दिवे गेले तर जाऊ देत. खाटा जरा इकडे ओढा. आणि मध्ये कोणी फिदीफिदी हसायचं नाही. ही गोष्ट माझी नाही, अत्बाराच्या खलफल्लाची आहे, माझ्या चुलतभावाची. मला सांगताना तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

त्या वर्षी रमजान ऑगस्टात आला होता, ऐन पावसात. एकविसावा रोजा. खलफल्लाने शेंदी गावात पिकअपभर आंबे घेतले आणि अत्बाराच्या बाजाराला निघाला. शेजारी बायको, सित्तना. दिवसभर वाळू भाजत होती आणि संध्याकाळी पूर्वेच्या डोंगरांवर ढग चढले. डोंगरात पाऊस पडला की खालचे कोरडे ओढे कसे धावून येतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

सूर्य टेकला आणि एक गाव लागलं. रस्त्यावर पागोटं आडवं धरलेलं. एका टोकाला एक म्हातारा, दुसऱ्या टोकाला एक पोरगा. रोजा सोडायला वाटसरूंना अडवत होते, आपल्याकडे अडवतात तसंच.

"इथे बसलो तर ओढा भरेल," खलफल्ला म्हणाला. "आंबे सडतील माझे."

"अहो, आंब्यांपायी माणसाचं पागोटं तुडवणार? कोणत्या घरचे तुम्ही?"

"तुला माहीत नाही. पोटाला तडस लागेपर्यंत वाढतात, वर माझ्या पणजोबांची चौकशी करतात. तासभर सोडत नाहीत!"

त्याने वेग वाढवला. वाटलं, घाबरून सोडून देतील. पोराने सोडलं. मग पागोटं गाडीच्या आरशात अडकलं, ताणलं आणि टर्रकन फाटलं. मागे कोणीतरी ओरडलं.

"थांबवा!" सित्तना म्हणाली.

त्याने थांबवली नाही. लाज तेव्हाच वाटली होती, असं तो म्हणाला. पण एकदा पळालेल्या माणसाला मागे वळायची जास्त लाज वाटते.

सित्तनाने आरशातला तुकडा आत ओढून मांडीवर घेतला. त्याच्या कोपऱ्याला गाठ होती. तिने ती चाचपली.

"खजूर आहेत. पहिल्या पाहुण्यासाठी बांधले असतील." तिने तुकडा मांडीवर सारखा केला. "म्हणजे तुमच्यासाठी."

गाठ तिने सोडली नाही. दोघांनी बाटलीतल्या पाण्याच्या घोटावर रोजा सोडला. मग पाऊस आला. एवढा, की काचेपलीकडे काही दिसेना. इशाची, रात्रीची शेवटची नमाज केव्हाच होऊन गेली होती. खलफल्ला अंदाजाने गाडी हाकत होता.

"मामा, मग?"

मग काय... गाडीच्या दिव्यांच्या उजेडात पांढरं काहीतरी दिसलं.

रस्त्यावर आडवं पागोटं. अख्खं.

एका टोकाला म्हातारा उभा. दुसरं टोक... ते कोणीच धरलं नव्हतं. तरी ताणलेलं होतं.

या खेपेला खलफल्लाने करकचून ब्रेक दाबला.

म्हातारा खिडकीशी आला. चेहरा दिसला नाही. हात आत आला. तळव्यावर खजूर होते. बाहेर धो धो पाऊस... आणि हात कोरडा.

"घ्या," म्हातारा म्हणाला. "रोजा सोडा."

खलफल्लाला माफी मागायची होती, ती राहूनच गेली. दोघांनी खजूर खाल्ले. बिया खिडकीतून बाहेर टाकल्या.

वर बघितलं तर... कोणी नाही. पागोटंही नाही.

तो खाली उतरला. चार पावलं गेला. पुढे रस्ताच नव्हता. नुसतं पाणी. घोंघावणारं.

सित्तनाच्या मांडीवर तो फाटका तुकडा तसाच होता. गाठ तशीच.

उजाडल्यावर तो मागे फिरला. म्हाताऱ्याचे पाय धरायचे, एवढंच मनात होतं. गावात शिरला तर मांडव दिसला. माणसं हात उचलून गेलेल्या माणसासाठी फातिहा म्हणत होती. म्हाताऱ्याचा मुलगा, नूरुद्दाईम, पुढे आला आणि खलफल्लाला सावलीत बसवलं.

"तुम्ही वाटेवरचे दिसता. प्रवाशाला रोजा माफ असतो. पाणी आणू?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. त्याने विचारलं, कोण गेलं?

"बाबा. काल एका गाडीने पागोटं ओढून नेलं. त्यांनी टोक मनगटाला गुंडाळलं होतं. डोक्यावर पडले. इशाच्या वेळी गेले. आम्ही गाडीवाल्याला शिव्या घालत होतो, तर आम्हालाच म्हणाले, अरे, तो बिचारा उपाशीच गेला. कफनाला त्यांनी तेच पागोटं नेमून ठेवलं होतं. अर्धंच मिळालं. बाकीचं शेजाऱ्याने दिलं."

खलफल्लाने सित्तनाकडून घेतलेला तुकडा सदऱ्यातून काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"तो मी."

कोणी हात उगारला नाही. उगारला असता तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला.

नूरुद्दाईमने तुकडा उचलला. कोपऱ्यातली गाठ बघितली. बापाच्या हातची गाठ, घट्ट, सुटेना. शेवटी दाताने सोडवली.

आत खजूर नव्हते.

बिया होत्या... चोखलेल्या. अजून ओल्या.